ईएसआयचा आजारपणाचा लाभ: पैसे कुठे अडकतात

कारखान्यात काम करणाऱ्याला आजारपणासाठी म्हणून वेगळी पगारी रजा कायद्याने मिळत नाही. 20 दिवसांच्या कामामागे एक हक्काची रजा, एवढंच. त्यामुळे कावीळ झाली, पाय मोडला, की आधार राहतो तो ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. आजारी पडल्यावर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पहिल्या दोन दिवसांचे पैसे नाहीत. रोज 600 रुपये असेल आणि दहा दिवस घरी काढले, तर 420 प्रमाणे आठ दिवसांचे 3,360 येतात. (पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत.)

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते 78 दिवसांवर: ठरलेल्या सहामाहीत निदान एवढ्या दिवसांची वर्गणी, म्हणजे पगारातून कापलेले पैसे, भरलेली लागते. लोक आजाराच्या अगदी आधीचे महिने मोजतात, ते चूक. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजाराला चालते. ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. म्हणजे नोव्हेंबर 2025 मध्ये डेंग्यू झाला, तर पाहायचे ते ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 मधले कामाचे दिवस. त्या सहामाहीत 78 दिवस भरले नसतील, तर नंतर कितीही इमानाने काम केलेलं असो, पैसे नाहीत. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्याला रोख लाभासाठी नऊ महिने थांबावं लागतं. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून.

काम केलं, पण दिवस दिसत नाहीत, हा ठेकेदारी कामगारांचा नेहमीचा घोळ. ठेकेदार 26 दिवसांच्या जागी 10 दाखवतो, किंवा ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढून देतो आणि वर्गणी दोन क्रमांकांत वाटली जाते. क्रमांक जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच द्या. आजारी पडायची वाट न पाहता ईएसआयच्या पोर्टलवर लॉगिन करून दर महिन्याचे दिवस पगाराच्या चिठ्ठीशी ताडून बघा.

दुसरा अडथळा दाखल्याचा. खासगी डॉक्टरचं लेटरहेड सहसा चालत नाही. दाखला ईएसआय दवाखान्याचा किंवा ईएसआयच्या यादीतल्या (पॅनल) डॉक्टरचाच लागतो. रात्री-अपरात्री खासगी रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर घरच्या कुणीतरी लगेच कागद घेऊन ईएसआय दवाखान्यात कळवावं. डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांनी गेलात तर डॉक्टर मागच्या तारखेचा दाखला कशाला देईल? दाखले साधारण आठवड्या-आठवड्याचे असतात. मधला एक चुकला की तेवढ्या दिवसांचे पैसे गेले. शेवटी कामावर परतण्याचा, ‘फिट’चा, दाखला न विसरता घ्यावा.

बाकी सोपं आहे: दाखले आणि दाव्याचा फॉर्म शाखा कार्यालयात किंवा पोर्टलवर द्यायचे, पैसे बँक खात्यात येतात. आधार आणि पासबुकावरच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय ना, एवढं पाहा.

एक मात्र सांभाळा. त्या दिवसांची पगारी रजा मालकाकडून घेतली असेल, तर ईएसआय त्याच दिवसांचे पैसे देत नाही. तुम्ही कामावर नव्हता हे मालकाकडून पडताळलं जातं, आणि हजेरीपटावर चुकून ‘हजर’ लागलं असेल तर दावा तिथेच थांबतो. टाइमकीपरला गाठून ते आधी दुरुस्त करून घ्या. आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही ऐकवायला हरकत नाही.

क्षयरोग, कर्करोग अशा ठरलेल्या 34 आजारांत 91 दिवसांनंतरही 80 टक्के दराने लाभ चालू राहतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमाधारक नोकरी आणि चार सहामाह्यांत 156 दिवसांची वर्गणी लागते.