मिलवॉकी ब्रूअर्सची सलग १३ विजयांची सुरुवात (१९८७)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाने १९८७च्या हंगामातील पहिले १३ सामने ओळीने जिंकले. १९८२च्या अटलांटा ब्रेव्ह्जने केलेल्या विक्रमाशी ही बरोबरी होती. आदल्या वर्षी ब्रूअर्स ७७ विजय आणि ८४ पराभवांसह गटात सहावे आले होते. व्यवस्थापक टॉम ट्रेबलहॉर्न यांचा हा पहिलाच पूर्ण हंगाम, शिवाय संघात तरुणांचा भरणा. त्यामुळे त्यांच्याकडून कोणी फारशी आशा धरली नव्हती.

६ एप्रिलपासून घरच्या काउंटी स्टेडियमवर त्यांनी बॉस्टन रेड सॉक्सला तिन्ही सामन्यांत हरवले. अमेरिकन लीग या, व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या साखळ्यांपैकी एकीचा आदल्या वर्षीचा विजेता तोच संघ होता. पुढे टेक्सासच्या संघाला त्यांच्याच मैदानावर तीनदा धूळ चारून संघ बाल्टिमोरला गेला. तिथे १५ एप्रिलला हुआन निएव्हेस या २२ वर्षांच्या डावखुऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तळावर, पोचवणारा फटका) मिळू दिली नाही. ब्रूअर्सच्या इतिहासातला हा पहिला नो-हिटर. शेवटच्या बॅटरला, एडी मरेला, बाद करणारा झेल रॉबिन याउंटने धावत येऊन अंग झोकून देत टिपला. तो सुटला असता तर निएव्हेसचे नाव विक्रमांच्या यादीत गेलेच नसते.

बारावा विजय मात्र या मालिकेचा कळस मानावा लागेल. १९ एप्रिल, ईस्टरचा रविवार. टेक्सासविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात ब्रूअर्स १-४ असे मागे होते. दोन धावक बेसवर असताना रॉब डीअरने होम रन (मैदानाबाहेर टोलवलेला फटका; त्यावर बेसवरचे धावक आणि बॅटर सगळ्यांच्या धावा होतात) मारून बरोबरी साधली. थोड्याच वेळात डेल स्वेमने दोन धावांचा होम रन ठोकला आणि सामना ६-४ असा खिशात घातला. मिलवॉकीतले जुने प्रेक्षक आजही ‘ईस्टर संडे’ म्हणतात ते याच सामन्याला. घरच्या संघाने सलग १२ सामने जिंकले तर फुकट हॅम्बर्गर देऊ, असे जॉर्ज वेब ही स्थानिक उपाहारगृहांची साखळी कित्येक वर्षे सांगत आली होती. शब्द पाळून तिने २२ एप्रिलला १,६८,१९४ हॅम्बर्गर वाटले.

तेरावा विजय शिकागोत मिळाला आणि २१ एप्रिलला तिथेच व्हाइट सॉक्सने ही घोडदौड रोखली. तरीही संघ २० विजय आणि ३ पराभवांपर्यंत पोचला. मग मे महिन्यात सलग १२ पराभव पदरी पडले. हमखास हिट देणारा पॉल मोलिटर दुखापतीमुळे बाहेर बसला, हे त्यामागचे एक कारण. परतल्यावर त्याने लागोपाठ ३९ सामन्यांत हिट मिळवली.

हंगामाअखेर ब्रूअर्सचे ९१ विजय आणि ७१ पराभव झाले. म्हणजे पहिल्या २३ सामन्यांतला तो बहर आणि त्यानंतरची पडझड दोन्ही वगळली, तरी उरलेल्या १२७ सामन्यांत ७१ विजय आणि ५६ पराभव राहतात. त्यामुळे एप्रिलच्या यशाला निव्वळ नशीब म्हणणे अन्यायाचे ठरेल. संघ खरोखरच चांगला होता. अन्याय झाला तो गटरचनेमुळे. तेव्हा प्रत्येक गटातला फक्त पहिला संघ पुढे जात असे. पूर्व गटात डेट्रॉइट ९८ आणि टोरांटो ९६ विजयांसह पुढे राहिल्याने ब्रूअर्स तिसरे आले. पश्चिम गटातून मात्र मिनेसोटा ट्विन्स अवघ्या ८५ विजयांवर पुढे गेले आणि वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिकाही जिंकले.

२०२३मध्ये टॅम्पा बे रेजनेही पहिले १३ सामने जिंकून या विक्रमाशी बरोबरी केली. एकूण ९९ विजय मिळवूनही टेक्सासकडून सलग दोन सामने हरल्याने त्यांना बाद फेरीत पहिल्याच टप्प्यावर बाहेर पडावे लागले.