कोल्हापूरचे घाटरस्ते आणि कॅराव्हॅन : पार्श्वभूमी

कोल्हापूरहून कोकणात उतरणारे आंबा, करूळ, भुईबावडा आणि फोंडा हे घाट, तसेच आजऱ्याच्या बाजूने गाठता येणारा आंबोली घाट, कॅराव्हॅन किंवा मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना अलीकडे निसर्गरम्य मार्ग म्हणून सुचवले जातात. मात्र यांपैकी एकही रस्ता मुळात देखाव्यासाठी आखलेला नाही. बंदरावर उतरलेला माल देशावर चढवणे आणि देशावरचे धान्य व गूळ खाली पोहोचवणे हे त्यांचे प्रयोजन होते. त्यांची वळणे, त्यांची रुंदी आणि त्यांवरची मुक्कामाची गावे या सगळ्यांचा उगम त्या व्यापारात आहे.

हा व्यापार किती जुना आहे, याची साक्ष कोल्हापुरातच मिळते. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती आज टाउन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळते. समुद्रापासून इतक्या अंतरावर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे असलेल्या गावात ती येऊन पोहोचली, त्याअर्थी बंदराकडून घाट चढून येणारी वाट त्या काळी वाहती असली पाहिजे. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इ.स. 1008 चा ताम्रपट ज्या खारेपाटणला सापडला, ते खाडीकाठचे गाव बावड्याच्या, म्हणजे गगनबावड्याहून उतरणाऱ्या करूळ व भुईबावडा या घाटांच्या पायथ्याच्या बाजूलाच आहे, आणि पुढे कोल्हापूर व पन्हाळा येथे सत्ता असलेले घराणेही शिलाहारांचेच होते.

घाटाच्या माथ्यावर किल्ला आणि पायथ्याकडे बंदर ही रचना त्यानंतरही टिकली. विशाळगडावरून आंबा व अणुस्कुरा घाटांकडे आणि गगनगडावरून बावड्याच्या घाटांकडे लक्ष ठेवता येत असे. अणुस्कुऱ्याची वाट राजापूरला उतरते. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती आणि 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्यात तेथील इंग्रजांनी तोफांची मदत केली, याची किंमत त्यांना पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या राजापूरवरील स्वारीत मोजावी लागली. कोल्हापूर संस्थानाच्या काळात विशाळगडकर पंतप्रतिनिधी आणि बावडेकर पंत अमात्य यांच्या जहागिरी नेमक्या या घाटांच्या तोंडाशी होत्या, हा योगायोग मानता येणार नाही, कारण घाट ज्याच्या ताब्यात, त्याला जकातीचे उत्पन्न आणि बातमी दोन्ही मिळत.

चाकाचे वाहन या वाटांवर फार उशिरा आले. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य नेत. लादलेल्या बैलाला खडी चढण चालते, बैलगाडीला चालत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ते बांधताना चढ कमी करण्यासाठी डोंगराला वळसे घालावे लागले. आज प्रवासी ज्या नागमोडी वळणांवर थांबून छायाचित्रे काढतात, ती वळणे गाडीच्या बैलांच्या दमाचा हिशेब मांडून घेतलेली आहेत. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, पण ती घाट उतरून खाली गेली नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाल्यानंतरही कोल्हापूर-वैभववाडी हा जोडमार्ग प्रस्तावातच राहिला आहे. म्हणून मालाचे ट्रक, एसटी आणि पर्यटकांची वाहने यांना अजूनही त्याच अरुंद रस्त्याची वाटणी करून घ्यावी लागते.

कॅराव्हॅन या वाहनाचा इतिहास मात्र वेगळ्या रस्त्यांवर घडला. 1885 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी हौसेखातर ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तीतून ते स्कॉटलंडपर्यंत फिरले. केवळ सुटीसाठी बांधलेल्या घरगाड्यांपैकी ही सुरुवातीची मानली जाते. 1910 मध्ये अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने मुक्कामाची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली, तर 1919 मध्ये फ्लोरिडात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही अशा प्रवाशांची संघटना उभी राहिली. त्याच सुमारास रस्तेही सहलीचा विचार करून बांधले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधला. अमेरिकेतील 469 मैलांच्या ब्लू रिज पार्कवेचे काम 1935 मध्ये सुरू होऊन 1987 मध्ये संपले आणि त्यावर मालवाहतुकीला मज्जाव आहे. आपल्याकडे मोटरहोमविषयी जे वाचायला मिळते, त्याच्यामागे हे असे रस्ते गृहीत धरलेले असतात.

तरीही घर बरोबर घेऊन प्रवास करणे कोल्हापूरकरांना नवे नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या यात्रेला जाताना पूर्वी बैलगाड्यांतून सामान, सरपण आणि शिधा घेऊन लोक मजल दरमजल करीत जात. आता गल्लीगल्लीतून एसटी ठरवली जाते, पण भांडी, शेगडी आणि पिठाचे डबे अजूनही बरोबर असतात आणि स्वयंपाक मुक्कामाच्या ठिकाणीच होतो. फरक एवढाच की येथे मुक्काम समूहाचा आणि मोकळ्या माळावरचा असतो, बंद दाराच्या गाडीतला नसतो. प्रस्तुत लेखकाला कॅराव्हॅनची ही आवृत्ती अधिक ओळखीची वाटते.

लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाला येथे खरी गती आली ती दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना महामार्गांनी जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन योजनेने. 1999 मध्ये आरंभ झालेल्या या योजनेत पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 आता 48 या क्रमांकाने ओळखला जातो. कोकणच्या बाजूला रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 च्या सुमारास पुढे आली, पण खाड्यांवरच्या पुलांअभावी तो दीर्घकाळ तुटक राहिला. त्यामुळे देशावरचा महामार्ग सरळ आणि वेगाचा, किनाऱ्याचा रस्ता अपुरा, आणि दोहोंना जोडणारे घाट जुन्याच मापाचे, अशी स्थिती निर्माण झाली. शिवाय महामार्गही पावसापुढे अभेद्य नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ आल्याने तो काही दिवस बंद ठेवावा लागला.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात वाहनांबरोबरच कॅराव्हॅन पार्कचा, म्हणजे पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असलेल्या थांब्यांचा विचार आहे. कोल्हापूरच्या संदर्भात हा भाग वाहनापेक्षा महत्त्वाचा आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात त्याच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. दरड कोसळून करूळ घाट बंद होणे हे पावसाळ्यात नित्याचेच, आणि 2024 मध्ये तर रुंदीकरण व काँक्रीटीकरणासाठी तो अनेक महिने बंद होता. फोंड्याचा रस्ता दाजीपूरच्या जंगलातून जातो. 1958 मध्ये अभयारण्य झालेला हा भाग गव्यांसाठी प्रसिद्ध असल्याने तेथे रस्त्याकडेला कोठेही गाडी लावून रात्र काढणे योग्य नाही. घाट चढण्यापूर्वी आणि चढून आल्यावर बैलांना विसावा लागे, म्हणून वर आंबा, गगनबावडा व दाजीपूर आणि खाली साखरपा, वैभववाडी व फोंडा ही गावे थांब्याची झाली. पंचवीस फुटी मोटरहोम घाटात घालण्याआधी दरड, धुके आणि समोरून येणाऱ्या ट्रकांचा अंदाज घ्यायचा, तर चालकालाही थांबायला याच गावांत जागा लागेल.