भ्रष्टाचाराच्या प्रस्तावाची वर्दी देण्याचे बंधन (क्रिकेट)

सामन्याचा निकाल किंवा त्यातला एखादा भाग आधीच ठरवून घेण्यासाठी, अथवा संघातली आतली माहिती काढण्यासाठी कोणी संपर्क साधल्यास त्याची संपूर्ण माहिती भ्रष्टाचारविरोधी पथकाला विनाविलंब देण्याचे, खेळाडू, प्रशिक्षक, पंच व संघाचे इतर कर्मचारी यांच्यावर असलेले बंधन. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसी) भ्रष्टाचारविरोधी संहितेतील कलम २.४.४ मध्ये ते घातलेले आहे. दुसऱ्या कोणाला असा प्रस्ताव आल्याचे समजल्यास तेही सांगणे कलम २.४.५ नुसार सक्तीचे आहे. प्रस्ताव धुडकावून लावला आणि एक पैसाही घेतला नाही, तरी गप्प राहणे हाच स्वतंत्र अपराध मानला जातो आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बंदी घालता येते.

एवढा कडक नियम का करावा लागला, हे १९९० च्या दशकातल्या घटना पाहिल्या की उमगते. खेळपट्टी आणि हवामानाची माहिती देऊन सट्टेबाजाकडून पैसे घेतल्याबद्दल मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांना ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने १९९५ मध्ये दंड केला, पण ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली ती थेट १९९८ च्या डिसेंबरात. १९९६ च्या अखेरीस मुंबईतल्या एकदिवसीय सामन्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सामना हरण्यासाठी आलेला लाखो डॉलरचा प्रस्ताव चक्क संघाच्या बैठकीत मांडला. खेळाडूंनी तो नाकारला आणि विषय तिथेच मिटला. नकार देणाऱ्यांचा प्रामाणिकपणा खराच होता. पण प्रस्ताव आणणारा कर्णधार त्यानंतरही जागेवर राहिला. भारतीय मंडळाने १९९७ मध्ये माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे चौकशी सोपवली होती, तिच्यातूनही काही बाहेर आले नाही. अखेर एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी क्रोनिएचे सट्टेबाजाशी झालेले दूरध्वनी संभाषण उघड केले आणि त्याच वर्षी लंडनचे माजी पोलीस आयुक्त पॉल कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली आयसीसीचे भ्रष्टाचारविरोधी पथक उभे राहिले.

वर्दी कोणाला द्यायची याबाबत संहिता स्पष्ट आहे. कर्णधाराच्या कानावर घातले किंवा संघव्यवस्थापकाला सांगितले म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. माहिती पथकाकडेच गेली पाहिजे. ज्या सामन्यासंबंधी विचारणा झाली तो सामना उरकून गेल्यावर सांगणे हाही विलंबच समजला जातो. ड्रेसिंग रूममध्ये मोबाइलला मनाई असल्यामुळे संपर्क बहुधा हॉटेलात किंवा समाजमाध्यमांवरून होतो, आणि त्याची सुरुवात पैशाच्या भाषेने क्वचितच होते: प्रायोजकत्वाची बोलणी, एखाद्या नव्या लीगचे आमंत्रण, चांगल्या खेळीबद्दल अभिनंदन. एकट्या खेळाडूला असा संदेश किरकोळ वाटतो. पण निरनिराळ्या संघांतल्या दोघा-तिघांनी एकच क्रमांक कळवला तर तपासाला धागा मिळतो, आणि नियमाचे खरे मर्म यातच आहे.

बांगलादेशच्या शाकिब अल हसन याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. जानेवारी २०१८ मध्ये श्रीलंका व झिम्बाब्वे यांच्यासह झालेल्या तिरंगी मालिकेत सामनावीर ठरल्याबद्दल त्याचे अभिनंदन करणारा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला, आणि त्याच संदेशात ‘काम’ आता करायचे की आयपीएलपर्यंत थांबायचे, अशी विचारणा होती. त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये, एक विशिष्ट खेळाडू सामन्यात खेळणार आहे का, असेही त्याला विचारले गेले. शाकिबने पैसे घेतल्याचा ठपका आयसीसीने ठेवला नाही, तरी तीनदा वर्दी न दिल्याबद्दल २९ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यातले एक वर्ष स्थगित ठेवण्यात आले. त्या वेळी तो बांगलादेशच्या कसोटी आणि टी-२० संघांचा कर्णधार होता आणि संघ भारत दौऱ्यावर निघण्याच्या बेतात होता.

झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरचे उदाहरण मात्र नियमाची दुसरी बाजू दाखवते. प्रायोजकत्वाच्या निमित्ताने २०१९ मध्ये तो भारतात आला. तिथे आपल्याला अमली पदार्थ देऊन चित्रण केले गेले आणि त्याचा धाक दाखवून १५,००० डॉलर हातात ठेवले गेले, असे त्याने पुढे जाहीर केले. वर्दी त्याने दिली, पण काही महिन्यांनी. जानेवारी २०२२ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची बंदी झाली. धमकावलेल्या माणसाकडून तत्परतेची अपेक्षा धरणे कठोर आहे, हे मान्य करावे लागते. पण भीती हे कारण मोकळेपणाने मान्य केले, तर प्रत्येक जण तेच सांगू लागेल, ही अडचणही खोटी नाही.

भारतात २०१३ च्या आयपीएलमधल्या सामनानिश्चितीच्या प्रकरणानंतर श्रीशांत व अंकित चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी आली (ती पुढे कमी झाली), तेव्हा सिद्धार्थ त्रिवेदी याला केवळ संपर्क न कळवल्याबद्दल एक वर्ष बाहेर बसावे लागले. उलट उदाहरण मुंबईचेच आहे. २०१५ मध्ये हिकेन शाह याने एका मुंबईकर सहकाऱ्याकडे गैरप्रस्ताव ठेवला, सहकाऱ्याने तो आपल्या आयपीएल संघाला सांगितला, संघाने मंडळाला कळवला आणि शाहला पाच वर्षांची बंदी झाली.

बंदी हे क्रीडासंघटनेचे हत्यार आहे, कायद्याचे नव्हे. श्रीलंकेने २०१९ मध्ये सामनानिश्चितीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. भारतात क्रीडा-फसवणुकीविरुद्धच्या विधेयकाचा मसुदा २०१३ मध्ये तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सामनानिश्चिती हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली फसवणुकीचा गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे राज्य पातळीवरच्या लीगमध्ये, जिथे मानधन कमी आणि पथकाची माणसे तुरळक, तिथे वर्दी देणाऱ्या तरुण खेळाडूमागे मंडळाच्या संहितेखेरीज फारसे काही उभे नसते.