नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं तेव्हा

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात जेम्स कॉनली हे मोठं नाव. १९१६च्या ईस्टर उठावात डब्लिनच्या पोस्ट ऑफिसातून लढताना ते जखमी झाले. १२ मे रोजी ब्रिटिशांनी त्यांना खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या, कारण त्यांना उभंही राहता येत नव्हतं. एवढ्या माणसाचं जन्मस्थान मात्र पुढे कित्येक वर्षं चुकीचं छापलं जात होतं: मोनहन काउंटी, साल १८७०. खरी नोंद समुद्रापलीकडे एडिनबराच्या जन्म रजिस्टरात होती. तारीख ५ जून १८६८, पत्ता काउगेट. आईवडील आयर्लंडहून आलेले, आणि वडील नगरपालिकेच्या गाडीवर शहरातली घाण वाहणारे.

राष्ट्रीय पुढाऱ्याची ही गत, तर ग्लासगोच्या गोदीत हमाली करून गेलेल्या एखाद्या डॉहर्टीच्या पणतूने काय करावं? तो स्कॉटलंडची जुनी जनगणना उघडतो, पणजोबांचं नाव सापडतं, बोट ‘जन्मस्थान’च्या रकान्यावर येतं आणि तिथे एकच शब्द असतो: आयर्लंड. गाव नाही, काउंटी नाही. १८४१च्या जनगणनेत तर तेवढाही शब्द नाही, फक्त ‘आय’ हे अक्षर. १८५१पासून स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्याला पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग, विचारला जाऊ लागला, पण आयरिश माणसाला देश सांगितला की पुरे, असा नियम होता. एखाद्या उत्साही गणकाने काउंटी लिहून ठेवली असेल तर ते नशीब.

एवढी माणसं तिकडे गेली कशी? मुळात अंतरच किरकोळ. अँट्रिमचा किनारा आणि स्कॉटलंडचं किंटायरचं टोक यांच्यात जेमतेम वीस किलोमीटर पाणी आहे. अल्स्टरमधले, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातले, विणकर आणि कापणीचे मजूर अठराव्या शतकापासून ये-जा करतच होते. १८१८ मध्ये बेलफास्ट आणि स्कॉटलंडच्या ग्रीनॉक बंदरादरम्यान आगबोट सुरू झाली. पुढे बोट कंपन्यांच्या चढाओढीत डेकवरचं भाडं काही पेन्सांवर आलं. गुरांच्या शेजारी उभं राहून रात्र काढायची आणि सकाळी ग्लासगोच्या ब्रूमिलॉ धक्क्यावर उतरायचं. अमेरिकेचं तिकीट ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं, त्यांच्यासाठी हीच परदेशवारी. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. स्कॉटलंडमध्ये १८४१ साली १,२६,३२१ आयरिश-जन्म माणसं मोजली गेली होती, १८५१ साली ती २,०७,३६७ झाली. डंडी आणि ग्लासगोत तर जवळजवळ दर पाच-सहा माणसांमागे एक आयर्लंडमध्ये जन्मलेला.

डंडीला आलेल्यांत बायका जास्त. आयर्लंडमध्ये घरोघरी लिननचं सूत कातलं जायचं, ते गिरण्यांनी मारलं, म्हणून त्या दुसऱ्यांच्या गिरणीत कातायला आल्या. त्या गिरण्यांत यायचा तो आपल्या बंगालचा ताग, व्हेल माशाच्या तेलात मऊ केलेला. लॉकी या गिरणवस्तीला लोक ‘छोटं टिपरेरी’च म्हणत.

आता शोधाकडे. साहजिक मनात येतं की थेट आयर्लंडचीच दप्तरं उघडावीत. तिथे पहिली ठेच लागते. ३० जून १९२२ला, यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१च्या चार जनगणनांचे काही तुकडे तेवढे उरले. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या अर्ध्याहून अधिक पॅरिशांची रजिस्टरंही तिथे जळाली. सगळं खापर आगीवर फोडण्याची पद्धत आहे, पण ते अन्यायाचं. १८६१ आणि १८७१च्या याद्या सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट केल्या होत्या. १८८१ आणि १८९१च्या पहिल्या महायुद्धात लगद्याला गेल्या. म्हणून आयर्लंडची अखंड हाती येणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ची. तिथली सर्वांसाठीची जन्म-मृत्यू नोंदणीही १८६४ला सुरू झाली. थोडक्यात, दुष्काळात देश सोडलेल्या माणसाचा स्वतःच्या देशात एकही सरकारी कागद नसण्याचीच शक्यता जास्त. कॅथलिक चर्चची रजिस्टरं गावोगावच्या पाद्र्यांकडे होती म्हणून वाचली, आणि २०१५पासून ती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने फुकट पाहायला खुली केली आहेत. पण ती लावलेली आहेत पॅरिशवार. पॅरिशच माहीत नसेल तर पानं उलटत बसावं लागतं.

दुष्काळात आणि त्यानंतर जमिनीच्या सारा-आकारणीसाठी केलेली ग्रिफिथची पाहणी (१८४७ ते १८६४) घरटी कुटुंबप्रमुखाचं नाव देते, पण नाव कुणाचं? डोनेगल काउंटीमध्ये पॅट्रिक गॅलहर शोधायला गेलात तर एका पॅरिशमध्ये अर्धा डझन भेटतील. त्यातला आपला ओळखायला टाउनलँड लागतं. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा जमिनीचा सर्वांत लहान नावाचा तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांवर आहेत. सगळी धडपड त्यातल्या एका नावासाठी.

आणि ते नाव बहुधा स्कॉटलंडमध्येच सापडतं. तिथे सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली, आणि पहिल्या वर्षी तर कारकुनांनी कमालच केली. १८५५च्या जन्मनोंदीत बाळाच्या आईवडिलांचं वय, जन्मस्थान, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, त्यातली जिवंत किती, सगळं विचारलेलं आहे. मृत्यूच्या नोंदीत तर मुलांची नावं आणि वयंही. एवढं भरताना निबंधकांची दमछाक झाली आणि पुढच्याच वर्षी रकाने कापले गेले. १८६१पासून मात्र आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि जागा जन्मनोंदीत परत आली. आपल्या पणजोबांच्या नोंदीत काही मिळालं नाही म्हणून तिथेच थांबू नये ते याचसाठी. त्यांची धाकटी बहीण १८६३ मध्ये जन्मली असेल, तर तिच्या दाखल्यावर आईवडिलांचं लग्न आयर्लंडात कुठे लागलं ते गाव लिहिलेलं असू शकतं.

स्कॉटिश दप्तराचा आणखी एक मोठा गुण म्हणजे बाईचं माहेरचं आडनाव. इंग्लंडमध्ये ते लग्नानंतर बऱ्याच कागदांवरून पुसलं जातं. इथे मृत्यूच्या दाखल्यातही मृत व्यक्तीच्या आईचं माहेरचं नाव असतं, आणि विवाहितेच्या मृत्यूची नोंद दोन्ही आडनावांखाली शोधता येते. म्हणजे ग्लासगोत १८७० साली म्हातारी होऊन गेलेल्या बाईच्या दाखल्यावर, आयर्लंड कधीच न सोडलेल्या तिच्या आईचं माहेरचं नाव मिळतं. खाली सही करणाऱ्याला लिहिता येत नसेल तर फुली, आणि फुलीच्या आजूबाजूला निबंधकाच्या अक्षरात ‘हिची खूण’.

पण माझ्या मते या सगळ्यातला खरा खजिना गरिबांच्या अर्जांत आहे. १८४५च्या स्कॉटिश गरीब कायद्याने मदतीची जबाबदारी पॅरिशवर टाकली, आणि पॅरिशला साहजिकच ती दुसऱ्यावर ढकलायची होती. सलग पाच वर्षं कुणाकडे हात न पसरता एका पॅरिशमध्ये राहिलात तर तिथले. नाहीतर तुमचा खर्च तुमच्या मूळ पॅरिशच्या माथी, आणि आयरिश असाल तर बोटीत बसवून परत पाठवण्याची मुभा. धडधाकट माणसाला तर मदतीचा हक्कच नव्हता. त्यामुळे अर्ज यायचे ते विधवांचे, आजाऱ्यांचे, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे. निरीक्षक खोलीवर जाऊन खोदून खोदून विचारायचा: जन्म कुठला, कोणता पॅरिश, कोणती काउंटी, बाप कोण, आईचं माहेरचं नाव काय, स्कॉटलंडला कधी आलीस, गेल्या पाच वर्षांत कुठल्या कुठल्या गल्लीत किती महिने राहिलीस, मुलं किती, नवरा कुठे गेला. जनगणनेचा गणक ‘आयर्लंड’ लिहून पुढच्या दारी गेला, कारण त्याचं काही अडलं नव्हतं. निरीक्षकाला मात्र बाई परत पाठवायची झाली तर कुठे पाठवायची, हे हवं होतं. ग्लासगो शहराचे असे अर्ज १८५१पासूनचे आहेत आणि मिचेल लायब्ररीतल्या नगर अभिलेखागारात जपलेले आहेत. ज्याचं बरं चाललं त्याचं गाव हरवलं, जिची उपासमार झाली तिचं गाव राहिलं. हा हिशोब क्रूर आहे, पण अर्ज हाती आला की वाचणाऱ्याला आनंदच होतो, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटते.

पेन्शनचं असंच. १९०९पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागलं. आयर्लंडमध्ये १८६४पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्मदाखला कुठला असणार! ‘मोठ्या वाऱ्याची रात्र मला आठवते’ असं सांगून म्हातारी माणसं वय पटवून देत. ६ जानेवारी १८३९च्या त्या वादळाने बरीच छपरं उडवली होती. पण सरकारला कागद हवा. मग डब्लिनचे कारकून १८४१ आणि १८५१च्या जनगणनेत त्या कुटुंबाला शोधत. अर्जदार आपलं टाउनलँड, आईवडिलांची नावं आणि सध्याचा पत्ता लिहून पाठवी, कारकून सापडलेली नोंद उतरवून घेई, नाहीतर ‘आढळ नाही’ असा शेरा मारी. मूळ जनगणना १९२२ला जळाली, पण हे शोध-अर्ज वाचले. एखाद्या संशयी नियमामुळे जळालेल्या घराची एक वीट हाती लागावी तसं हे आहे.

नावांचा घोळ निराळाच. निरक्षर माणूस नाव तोंडी सांगणार आणि स्कॉटिश कारकून आपल्या कानाने लिहिणार. आयर्लंडचा डॉहर्टी ग्लासगोची क्लाइड नदी ओलांडली की डॉखर्टी होतो, गॅलहरचा गॅलाखर. दोन्ही स्पेलिंगं स्कॉटलंडमध्ये इतकी रुजली, की पुढच्या पिढ्यांना तीच खरी वाटली. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी गळतात, कधी नातवाच्या पिढीत परत उगवतात. काही बदल मुद्दामही झाले असतील, आयरिश असणं फारसं फायद्याचं नव्हतं. १९२३ला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आयरिश वंशाला स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरचं संकट ठरवणारा अहवाल आला होता. चर्चने त्याबद्दल माफी मागितली ती २००२ मध्ये.

आणि काही जण यातल्या कुठल्याच रकान्यात सापडत नाहीत, कारण ते राहायला आलेच नव्हते. डोनेगल आणि मेयोच्या अॅकिल बेटावरून पोरंपोरी टोळ्यांनी बटाटे काढायला येत, गुरांच्या गोठ्यात पेंढ्यावर झोपत आणि हंगाम संपला की परत जात. त्यांचं नाव कागदावर यायचं ते बहुधा अपघात झाला तरच. १४ जून १८९४ला स्कॉटलंडच्या बोटीकडे निघालेली अॅकिलची होडी मेयोच्या क्लू बे या खाडीत उलटून ३२ जण बुडाले. १६ सप्टेंबर १९३७ला स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलख गावच्या एका झोपायच्या खोलीला आग लागून अॅकिलचेच दहा मुलगे गेले. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा.

जे राहिले आणि चर्चमध्ये लग्न करून राहिले, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. १९०८ला पोपच्या फर्मानाने नियम लागू झाला, की कॅथलिक लग्नाची खबर जिथे बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशला कळवायची, म्हणजे कुणी दोनदा लग्न करू नये. ग्लासगोचा पाद्री पत्र धाडी. आयर्लंडमधला पाद्री तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून त्या मुलीची ओळ शोधी, आणि शेजारच्या समासात, वेगळ्या शाईत, दाटीवाटीने लॅटिनमध्ये लिही: तारीख, नवऱ्याचं नाव, ग्लासगोतलं चर्च.