लुईस बेट : अफू, साबण आणि कुळं

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर लुईस बेट आहे. तिथल्या स्टॉर्नोवे बंदरासमोर झाडीत एक दगडी किल्लेवजा वाडा दिसतो. तो ज्या पैशातून उभा राहिला, त्यातला काही मुंबई बंदरातून गेलेल्या मालाचा आहे.

बेट मूळचं मॅक्लाउड घराण्याचं. १६१० मध्ये ते मॅकेंझींच्या ताब्यात गेलं. हेच पुढे सीफोर्थचे अर्ल. या घराण्याने १७९३ मध्ये उभारलेली ७८वी हायलँडर पलटण दहा वर्षांनी आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढली. लुईसची पोरंही त्यात होती. घराणं मात्र कर्जात रुतत गेलं.

१८४४ मध्ये जेम्स मॅथिसनने १ लाख ९० हजार पौंडांना बेट घेतलं. जार्डिन-मॅथिसन या व्यापारी कंपनीतला हा भागीदार. बंदरासमोरचा वाडा त्यानेच बांधला. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जायची, आणि त्या धंद्यात जमशेटजी जीजीभॉय या कंपनीचे जुने सहकारी. दोनच वर्षांत बेटावर बटाट्याचं पीक कुजलं. मॅथिसनने धान्य आणवलं, रस्त्यांची कामं काढली, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्याच मालकाने १८५१ नंतर भाडं थकलेल्या शेकडो कुळांना कॅनडाच्या जहाजांवर चढवलं.

बेटाचा कारभार पाहायचा डोनाल्ड मन्रो, आणि लोक त्याला टरकून असत. १८७४ मध्ये लुईसला लागून असलेल्या बर्नेरा बेटावरच्या कुळांचं गायरान त्याने काढून घ्यायचं ठरवलं. विरोध झाला तेव्हा थेट ५८ घरांना बेदखलीच्या नोटिसा. नोटिसा वाटून परतणाऱ्या बेलिफावर ढेकळं पडली, दुसऱ्या दिवशी झटापटीत त्याचा कोट फाटला. खटला उभा राहिला तो या कोटावरून! तिघे आरोपी निर्दोष सुटले, आणि मन्रोच्या दादागिरीची लक्तरं कोर्टात टांगली गेली. पुढे १८८६ च्या कूळकायद्याने कुळांना जमिनीवर कायमचा हक्क मिळाला.

१९१८ मध्ये बेट घेतलं लॉर्ड लीव्हरह्यूमने, म्हणजे सनलाइट साबणवाल्याने. मासळीचे कारखाने, रेल्वे, असा त्याचा मोठा बेत होता. स्टॉर्नोवेच्या दुधासाठी जवळची शेतं त्याला हवी होती. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्यांना तीच शेतं सरकारने कबूल केलेली. त्यांनी ग्रेस आणि कॉल इथल्या शेतांत घुसून जमिनी वाटून घेतल्या. कारखान्यातली नोकरी त्यांना नको होती, चार एकरांचा तुकडा हवा होता. १९२३ मध्ये कंटाळून तो बेट फुकट द्यायला निघाला. स्टॉर्नोवेकरांनी आपला भाग घेऊन ट्रस्ट केला, खेड्यांनी नकार दिला: हक्क कायद्याने होताच, मग मालकीबरोबर येणारा करांचा बोजा कशाला?

तीच खेडी पुढे आपली जमीन विकत घ्यायला उभी राहिली. बेटावरचा गॅल्सन हा भाग २००७ मध्ये लोकांचा झाला. पार्क या दुसऱ्या भागाला मालकाशी दहाहून जास्त वर्षं झगडावं लागलं. तिथला व्यवहार २०१५ मध्ये पुरा झाला.