इथेनॉल ट्यूनिंग (टर्बो गाड्यांचे)

टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या पेट्रोल गाडीत पंपावरच्या साध्या पेट्रोलात असते त्यापेक्षा जास्त प्रमाणाचे इथेनॉल वापरून ताकद वाढवण्याच्या पद्धतीला इथेनॉल ट्यूनिंग म्हणतात. नागपूरच्या हवेत आणि रस्त्यांवर ती कशी चालते, ते इथे पाहू. यासाठी ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, फाइल नव्याने लिहावी लागते आणि बहुतेक वेळा इंधनाचे पंप व इंजेक्टरही बदलावे लागतात. नुसते इथेनॉल ओतून गाडी वेगवान होत नाही. उलट ती थरथरते, धापा टाकते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मिश्रणाचे नाव इथेनॉलच्या टक्केवारीवरून पडते : ई२० म्हणजे २० टक्के, ई८५ म्हणजे ८५ टक्के.

मोठ्या कंपन्यांनी हा प्रयोग कारखान्यातच केलेला आहे. स्वीडनच्या साबने २००५ मध्ये ९-५ बायोपॉवर बाजारात आणली. तिचे २ लिटरचे टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० आणि ई८५ वर १८० अश्वशक्ती देत असे. इंजिन तेच होते; बदलत होते ते बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) आणि ठिणगीचे वेळापत्रक. त्याच देशातल्या कोनिग्सेगच्या येस्को या गाडीत हा फरक १२८० आणि १६०० असा आहे. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींत २००७ पासून इथेनॉल वापरात आहे. ब्राझीलने १९७५ साली सरकारी कार्यक्रम आखून रोजच्या गाड्या ऊसाच्या अल्कोहोलवर चालवल्या, पण तो हेतू तेलाची आयात कमी करण्याचा होता, शर्यतीचा नव्हे.

थंडावा

या विषयात ऑक्टेन अंकाची चर्चा फार होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८-१०९ च्या घरात असल्याने नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून इंजिनचे ठोकणे, लांबणीवर पडते हे खरेच. पण नागपूरच्या हवेत त्याहून मोलाचा गुण दुसराच आहे, आणि तो इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर जे करतो, तेच इथेनॉल सिलिंडरमध्ये करते.

द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. शाळेत याला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. पेट्रोलसाठी तो किलोमागे सुमारे ३५० किलोज्यूल आहे, इथेनॉलसाठी सुमारे ९००. त्यात भर अशी की तेवढीच हवा जाळायला इथेनॉल जास्त लागते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा पुरते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. दोन्ही धरून हिशेब केला, तर प्रत्येक किलो हवेमागे इथेनॉल पेट्रोलच्या चौपट उष्णता शोषते. कूलरशी तुलना एका जागी मात्र तुटते. जुलैत पाऊस लागला की कूलर नुसती दमट हवा फेकतो, कारण हवेत आधीच पाण्याची वाफ असते. इथेनॉलची वाफ हवेत नसते, म्हणून त्याचा थंडावा पावसाळ्यातही टिकतो.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, देशाच्या मध्याजवळ आहे. समुद्राचा वारा इथवर पोहोचत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाच्या घासातला तेवढा घास सुरुवातीलाच कमी. पुढे टर्बो ती हवा दाबतो. एक बार बूस्ट आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर धरला, तर ४५ अंशांची हवा दाबून बाहेर पडताना सुमारे १४५ अंशांची झालेली असते. इंटरकूलर तिचे तापमान खाली आणतो, पण तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि बाहेर ४५ आहेत. अशा वेळी ईसीयू स्वतःला सांभाळतो : ठिणगी उशिरा देतो, बूस्ट कापतो. जानेवारीत सीटला चिकटवणारी गाडी मेच्या दुपारी मवाळ झाल्याचा अनुभव टर्बोवाल्यांना येतो, त्याचे कारण हे. महागडे १०० ऑक्टेन पेट्रोल भरून ठोकणे थांबते, पण हवा थंड होत नाही. इथेनॉल दोन्ही कामे करते. एक्झॉस्टचे तापमानही त्याने उतरते, आणि तापलेल्या टर्बोला ते मानवते.

इंधन पुरते का

लिटरला इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. तेवढ्याच हवेसाठी शुद्ध इथेनॉल पेट्रोलच्या दीडपटीहून थोडे जास्त ओतावे लागते. या व्यवहारातली खरी अडचण इथे आहे. ट्यूनिंगच्या गप्पांत डाउनपाइप, इंटरकूलर, ‘स्टेज टू’ हे शब्द उडतात. इथेनॉलच्या गाडीत मात्र शेवटचा शब्द इंधनपंपाचा असतो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये, प्रचंड दाबाने जाते. त्यासाठी कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंप असतो. त्याची एका फेऱ्यात ढकलण्याची क्षमता ठरलेली आहे. इंजेक्टरलाही वेळ मोजूनच मिळतो, कारण फवारा ठिणगीच्या आत संपवायचा असतो. फियाटच्या टी-जेटसारख्या जुन्या धाटणीच्या इंजिनात इंजेक्टर हवेच्या मार्गात, झडपेच्या अलीकडे असतात. तिथे मोठे इंजेक्टर आणि टाकीतला मोठा पंप बसवला की काम भागते. म्हणून इथेनॉलसाठी जुनी गाडी नव्यापेक्षा सोपी पडते. गमतीची बाब, पण खरी.

भारतात हा हिशेब शून्यापासून सुरू होत नाही, कारण पंपावरचे साधे पेट्रोलच आता ई२० आहे. नुसत्या पेट्रोलच्या तुलनेत ई२० साठी इंजेक्टरने सुमारे साडेसात टक्के जास्त इंधन द्यावे लागते. कंपनीने ठेवलेल्या राखीव क्षमतेतला तेवढा भाग ट्यूनरने लॅपटॉप उघडण्याआधीच खर्ची पडलेला असतो. परदेशी ट्यूनिंगचे तक्ते इथेनॉल नसलेले, फार तर ई१० पेट्रोल धरून केलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले की गणित चुकते. ई२० वरून ई४० वर जायला आणखी ८ टक्के इंधन लागते, आणि ९३ टक्क्यांवर जायला तब्बल ३८ टक्के. थंडाव्याचा आणि ऑक्टेनचा बराचसा लाभ ई४० पर्यंतच पदरात पडतो, पंपाचा खर्च मात्र त्यापुढे उसळतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी ई३० ते ई४० हा पट्टाच शहाणपणाचा. त्यापुढचे प्रमाण ट्रॅकवरच्या गाडीला ठीक.

मिश्रणाचे गणित शाळकरी आहे. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ हे इंधन महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणले. नावात १०० असले तरी त्यात इथेनॉल सुमारे ९३ टक्के, बाकी पेट्रोल आणि मिश्रण एकजीव ठेवणारे द्रव्य असते. ५० लिटरच्या टाकीत ई४० हवे असेल, तर १३.७ लिटर हे आणि ३६.३ लिटर साधे ई२० लागते. १०० धरून हिशेब करणारा साडेबारा लिटरच ओततो आणि टाकीत ई३८ घेऊन फिरतो. दोन टक्क्यांनी इंजिन फुटत नाही. पण अशा दोन-तीन चुका एकाच बाजूला जमा झाल्या की फुटते.

टाकीत नेमके किती इथेनॉल आहे हे कळण्यासाठी इंधनाच्या नळीवर फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवतात. इथेनॉलचा विद्युत-अपार्यता स्थिरांक (पदार्थ विद्युतभार साठवायला किती मदत करतो याचे माप) पेट्रोलच्या दहापटीहून जास्त असल्याने त्याला दोघांतला फरक सहज कळतो. सर्वसाधारण सेन्सर शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि १०० टक्क्यांना १५० हर्ट्झचा संकेत देतो. सेन्सर नसलेल्यांसाठी काचेची मोजपट्टीची नळी आहे : २० मिलि पाणी आणि ८० मिलि इंधन घालून हलवायचे आणि थोडा वेळ ठेवायचे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते. तळाचा थर २० वरून ३६ वर आला, तर १६ मिलि इथेनॉल, म्हणजे ई२०. ही चाचणी हसण्यावारी नेऊ नये. ई४० साठी लिहिलेल्या फाइलवर, वाटेत इंधन संपले म्हणून साधे ई२० भरून पूर्ण बूस्ट मारला, तर लवकर दिलेली ठिणगी पिस्टनवर उलटते.

मीटरबाबतही एक गोची आहे. हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारे बहुतेक मीटर पेट्रोल गृहीत धरतात. ई४० असताना खरे संतुलित गुणोत्तर १२.३ च्या आसपास असते, पण मीटर १४.७ च दाखवतो. म्हणून जाणकार गुणोत्तराऐवजी लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तराला संतुलित गुणोत्तराने भागून येणारा आकडा, पाहतात. तो इंधन बदलले तरी संतुलनाला १ च असतो.

नळ्या, तेल आणि डिसेंबरची सकाळ

इथेनॉल हवेतले पाणी ओढते. साधे रबर त्याने फुगते किंवा तडकते, जस्त आणि मॅग्नेशियमचे भाग गंजतात. नळ्या टेफ्लॉनच्या, सील फ्लुओरो-रबरचे लागतात. जुन्या टाकीतला साचलेला गाळ इथेनॉल धुऊन काढते, त्यामुळे पहिल्या हजारेक किलोमीटरांत फिल्टर तुंबला तर नवल नाही. स्पार्क प्लग एक पायरी थंड जातीचे (स्वतःची उष्णता लवकर सोडणारे) घालतात. इंजिन ऑइल लवकर बदलावे लागते, विशेषतः गाडी रोज घर ते ऑफिस एवढीच फिरत असेल तर. इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले इथेनॉल तेलात उतरते.

उन्हाळ्यात तारणारे हे इंधन हिवाळ्यात रुसते. त्याची वाफ सहज होत नाही आणि थंड इंजिनात ठिणगीला पेटवायला वाफच लागते. शुद्ध इथेनॉल १५ अंशांखाली चालू व्हायला कुरकुर करते; ब्राझीलच्या जुन्या गाड्यांत यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी ९३ टक्केवाली गाडी धक्का मारणाऱ्यांची वाट पाहते. ई४० ला तसा त्रास होत नाही, कारण त्यातले पेट्रोल आधी पेटते.

समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो, तिथे अशा गाडीची मजा घेण्याचा मोह होतो. पण मोटारींसाठी १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगाने नुसते धावताना टर्बो जवळपास निवांत असतो. बूस्ट नाही तर इथेनॉलचा लाभही नाही, फक्त मायलेज घटते. हे इंधन पाय पूर्ण दाबल्यानंतरच्या काही सेकंदांसाठी आहे. हाच महामार्ग पुढे दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातून जातो आणि टाकीभर अल्कोहोल घेऊन तिथून जाणे पूर्ण कायदेशीर आहे, हा विनोद न करता राहवत नाही.

कायदा

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला आहे. एमएच-३१ असो वा एमएच-४९, आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ लिहिलेल्या गाडीचा असा बदल विम्याच्या दाव्यातही आडवा येतो. गाडीची वॉरंटी तर पहिल्याच दिवशी जाते.

इंधन साठवण्याचे नियम आणखी कडक आहेत, आणि ते पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येते. काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात एक लिटर, धातूच्या भांड्यात २५ लिटर ही मर्यादा. डिस्टिलरीतून परस्पर स्पिरिट मिळवण्याचा विचार करणाऱ्याची गाठ महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ शी पडते. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि नागपूरच्या उन्हात जवळपास दिसतच नाही. गॅरेजमध्ये आग लागली हे डोळ्यांआधी हाताला कळते.

नागपूर आणि इथेनॉल

इथेनॉल हा शब्द या शहरात गाड्यांच्या हौशीतून आला नाही. २०१४ पासून नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री असलेले नितीन गडकरी यांनी तो भाषणांतून घरोघरी नेला. २०१४ मध्येच शहरात स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी हिरवी बस धावली; ही बससेवा २०१८ साली बंद पडली. त्या बसचा टर्बो मोटारींशी संबंध लावला जातो, तो चुकीचा आहे. तिचे इंधन ईडी९५ होते. त्यात ९५ टक्के इथेनॉल आणि प्रज्वलनाला मदत करणारी द्रव्ये असतात आणि ते ठिणगीने नव्हे, तर डिझेलसारखे दाबाने पेटते. त्यासाठी २८:१ इतका दाबगुणक (कॉम्प्रेशन रेशो) लागतो. टर्बो मोटारीत इथेनॉल घेतात ते दाबाखाली ते स्वतःहून पेटत नाही म्हणून. बसमध्ये त्याला दाबानेच पेटवण्याचा खटाटोप होता.