अपडेट शेवटी अडकलं? फॉरमॅट मारू नका
(आमच्याकडून उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

कृषी केंद्र असो, सेवा केंद्र असो की शाळेचं ऑफिस, तक्रार एकच येते: “सगळं डाउनलोड झालं, बसलंही, अन् शेवटी पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट, एरर एक्झिट स्टेटस 1.” आणि लगेच, “फॉरमॅट मारून द्या.” फॉरमॅटची गरज सहसा पडत नाही.

उबुंटूत पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसवायचं काम डीपीकेजी नावाचा प्रोग्राम करतो. आधी तो फाइली जागेवर ठेवतो, मग पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांडांची यादी) चालवतो. सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सुरू करणं, युजर तयार करणं ही कामं या स्क्रिप्टची. ती अडली की पॅकेज अर्धवट राहतं. मोटर विहिरीत उतरवली, पण स्टार्टरला वायर जोडायची राहिली, तसं. डीपीकेजी हे लक्षात ठेवतो, म्हणून पुढे दुसरं काहीही बसवायला गेलात तरी तीच एरर पुन्हा येते. बिघाड नव्या सॉफ्टवेअरमध्ये नसतो.

‘स्टेटस 1’ म्हणजे फक्त ‘जमलं नाही’. का जमलं नाही, ते त्याच्या वरच्या ओळींत असतं. खाली दहा पॅकेजांची नावं दिसली तरी घाबरू नका. बहुतेक वेळा पहिलंच अडलेलं असतं, बाकीची त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे थांबलेली असतात.

आपल्या भागात नेहमीचं कारण म्हणजे मधेच लाईन जाणं. लाईन आल्यावर सीपीयूवर चिकटवलेल्या पट्टीतली पहिली कमांड (डीपीकेजी कॉन्फिगरची) जशीच्या तशी टाइप करा. राहिलेली सगळी पॅकेजं ती पुन्हा मार्गी लावते. अवलंबून असलेलं एखादं पॅकेजच आलेलं नसेल, तर पट्टीतली दुसरी कमांड.

‘नो स्पेस लेफ्ट’ दिसलं तर डिस्क किंवा तिच्यातला बूटचा (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा) भाग भरलाय. बूट बहुधा जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे उबुंटूचा गाभा) भरतो. जागा होईपर्यंत तीच कमांड दहादा मारून उपयोग नाही. काही पॅकेजं बसतानाच इंटरनेटवरून आणखी फाइली आणतात, मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट बसवणारं त्यातलंच. तिथे आधी नेट बघा.

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं तर मागे दुसरं अपडेट चालू असतं. चहा घेऊन या. लॉकची फाइल (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून लावलेलं कुलूप) डिलीट करू नका.

व्हिडिओत बघून काही जण ती पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्टच उडवतात. एरर जाते, पॅकेज ‘बसलं’ असं दिसतं, पण सर्व्हिस सुरू नाही, युजर तयार नाही. मग खरं कारण शोधायला आमचा अर्धा दिवस जातो.

जमलं नाही तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, पण सगळ्या स्क्रीनचा. वर सरकवून पहिल्या एररपासून. नुसत्या शेवटच्या ओळीवरून आम्हालाही काही कळत नाही.

अपडेट करताना इन्व्हर्टर चार्ज असू द्या. आणि सेवा केंद्रवाल्यांनो, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, बाहेर कास्तकारांची रांग असताना, अपडेटला हातच लावू नका.